नामदार गोखले : देशाचा जमाखर्च आणि देहाचा जमाखर्च

थोर पुरुषांची चरित्रे आपण आदराने वाचतो, मुलांकडून वाचून घेतो आणि त्यांच्या पुण्यतिथ्या साजऱ्या करतो. त्यांची विद्वत्ता, त्यांचा त्याग, त्यांची देशसेवा यांचे गुणगान आपण करतो व ते योग्यच आहे. परंतु ते कोणत्या व्याधीने गेले, किती अकाली गेले आणि त्या व्याधीपासून आपण काय शिकावे, हा विचार क्वचितच कोणी करतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे देहावसान 19 फेब्रुवारी 1915 रोजी पुणे येथे झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे 48 वर्षे 9 महिने होते. मधुमेह आणि हृदयविकार या दोन शत्रूंनी मिळून त्यांना आपल्यातून नेले. हेच दोन शत्रू आज आपल्या वसई-विरार परिसरात घरोघर शिरले आहेत.

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक अंकात गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात, विवाहेच्छू वधूवरांची माहिती असते आणि अखेरच्या पानांवर दिवंगतांना श्रद्धांजली असते. पूर्वी त्या अखेरच्या पानांवर बहुतांशी वृद्ध मंडळी दिसत. अलीकडे मात्र चाळिशीतले, पन्नाशीतले कर्ते चेहरे तेथे दिसू लागले आहेत. ज्यांच्या मुलांची शिक्षणे व्हावयाची आहेत, घराचे हप्ते फिटावयाचे आहेत, अशी ही माणसे होती. त्यांच्याकडे पाहिले म्हणजे नामदार गोखल्यांच्या चरित्राकडे एका निराळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

बालपण आणि विद्यार्जन

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची. वडील कृष्णराव हे कागल संस्थानात नोकरीस होते. 1879 साली वडिलांचे छत्र हरपले, तेव्हा गोपाळराव केवळ 13 वर्षांचे होते. त्यांचे थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा 15 रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यातले 8 रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. ज्या भावाने आपल्यासाठी स्वतःचे भवितव्य गहाण टाकले, त्याच्या पैशांतील एक पैही व्यर्थ जाऊ नये, ही जाणीव गोपाळरावांच्या मनात त्या वयातच खोल रुजली. पैशाचा काटेकोर हिशेब ठेवण्याची जी सवय पुढे सरकारच्या अर्थखात्याला घाम फोडणारी ठरली, तिचे मूळ या 8 रुपयांत आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

1881 साली ते मॅट्रिक झाले. पुढे कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज व मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज येथे शिकून 1884 साली, वयाच्या 18 व्या वर्षी, ते बी. ए. झाले. त्या काळी पदवीधरास सरकारी नोकरीत सुखाचा संसार करता येत असे. परंतु गोपाळरावांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा 35 रुपये वेतनावर शिक्षकाची नोकरी धरली आणि लवकरच ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले.

अध्यापक गोखले

आम्हा शिक्षकांना गोखल्यांविषयी विशेष आपुलकी वाटते, कारण ते आधी शिक्षक होते आणि नंतर नामदार झाले. शाळेत व पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय शिकविले. अंकगणितावरील त्यांचे पाठ्यपुस्तक शाळाशाळांतून वर्षानुवर्षे चालले. जो विषय शिकवावयाचा तो आधी स्वतः संपूर्ण आत्मसात करावयाचा, अशी त्यांची शिस्त होती. त्यापायी रात्री जागवाव्या लागल्या तरी त्यांना त्याची खंत नसे. 1902 साली, सुमारे 18 वर्षांच्या सेवेनंतर, दरमहा 30 रुपयांचे निवृत्तिवेतन घेऊन ते अध्यापनातून निवृत्त झाले.

या काळात त्यांच्यावर केवळ शिकविण्याचा भार नव्हता. संस्थेसाठी वर्गणी गोळा करण्याकरिता सुट्ट्यांत गावोगाव हिंडणे, सार्वजनिक सभेचे चिटणीसपद, तिच्या त्रैमासिकाचे संपादन, सुधारक पत्राची इंग्रजी बाजू, प्रांतिक परिषदेची व काँग्रेसची कामे, ही सर्व ओझी एकाच खांद्यावर होती. दिवसाचे तास मात्र 24 च. वाढत्या कामासाठी लागणारा वेळ माणूस कोठून आणतो? तो झोपेतून आणतो, जेवणातून आणतो, फिरावयास जाण्याच्या वेळातून आणतो. गोपाळरावांनीही तेच केले. तारुण्यात शरीर ही उसनवारी मुकाट्याने देते आणि त्यामुळे आपणास वाटते की हे खाते कधी संपावयाचे नाही.

कॅलेचा अपघात

1897 साली हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले प्रथमच विलायतेस गेले. सोबत दिनशा वाच्छा होते. वाटेत फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॅले येथे ते पडले आणि त्यांच्या छातीस मार बसला. सोबत्यांना त्रास नको व कामात खंड नको म्हणून त्यांनी ही गोष्ट मनातच ठेवली. लंडनला पोहोचल्यावर वेदना असह्य झाल्या, तेव्हा कोठे डॉक्टर आणावा लागला आणि त्यांना अंथरुणावर निजून राहावे लागले. काँग्रीव्ह नावाच्या एका सुशील इंग्रज बाईंनी त्यांची शुश्रूषा केली. पुढे एप्रिल महिन्यात त्यांनी कमिशनपुढे अशी साक्ष दिली, की 31 वर्षेही पूर्ण न झालेल्या या तरुण अध्यापकाची आकडेवारी पाहून मोठमोठे अधिकारी चकित झाले.

या प्रसंगाची स्तुती करताना आपण त्यांच्या सहनशीलतेची स्तुती करतो. ती सहनशीलता थोरच होती. परंतु छातीतील वेदना लपविणे हा गुण मानून तिचे अनुकरण मात्र कोणी करू नये. आपल्या घरांतील कर्ती माणसे, विशेषतः गृहिणी, नेमके हेच करतात. पाहुणे जाऊ देत, लग्न पार पडू दे, मग दाखवू, असे म्हणत छातीतील कळ, दम, चक्कर या गोष्टी अंगावर काढतात. कॅलेची इजा बाहेरून झालेली होती, ती विश्रांतीने बरी झाली. हृदयाच्या आतील रोहिणी कोंदली म्हणजे तिला विश्रांती पुरत नाही आणि ती कोणाच्या सोयीसाठी थांबतही नाही.

त्याच विलायतच्या मुक्कामात पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांविषयी त्यांनी, आलेल्या पत्रांवर विसंबून, एक विधान केले. स्वदेशी परतल्यावर पुरावा हाती न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्यावरून त्यांची जी निर्भर्त्सना झाली, ती त्यांच्यासारख्या हळव्या मनाच्या माणसास फार लागली. हा हळवेपणा त्यांच्या स्वभावाचा स्थायीभाव होता. टीका वृत्तपत्रात छापून येई आणि झोप गोपाळरावांची उडे.

गुरूंचा वारसा

गोखल्यांचे राजकीय गुरू न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्यांच्या सहवासात सुमारे 14 वर्षे गोखल्यांनी अर्थशास्त्राचे, इतिहासाचे आणि सार्वजनिक कामाच्या नीतीचे धडे घेतले. सरकारला पाठवावयाच्या अर्जातला प्रत्येक आकडा पारखून घ्यावयाचा, हे वळण रानड्यांचेच. परंतु या थोर गुरूंचा अंतही हृदयविकारानेच झाला. हृदयशूलाचे झटके येत असता, डॉक्टरांनी बजावले असताही त्यांचे वाचन, मनन व लेखन चालूच राहिले. 1900 च्या डिसेंबरात लाहोर येथील सामाजिक परिषदेस जाण्याचा बेत प्रकृतीमुळे त्यांना रद्द करावा लागला आणि 16 जानेवारी 1901 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या 59 व्या वाढदिवसास त्या वेळी दोनच दिवस राहिले होते.

गुरू गेले आणि गुरूंचे ओझे शिष्याने उचलले. रानड्यांचा अभ्यास, रानड्यांचा संयम आणि रानड्यांची कामाची हाव, या तिन्ही गोष्टी गोखल्यांकडे वारशाने आल्या. त्या हृदयशूलातून जो इशारा घ्यावयास हवा होता, तो मात्र त्या काळी कोणालाच घेता आला नाही.

कायदे कौन्सिलातील बारा वर्षे

1902 साली गोखले व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि त्याच वर्षी 26 मार्च रोजी त्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण झाले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडते म्हणून अधिकारी समाधानाने मान डोलावीत होते. गोखल्यांनी दाखवून दिले, की दुष्काळाने आणि प्लेगने गांजलेल्या प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्यामुळे ही शिल्लक पडते, ती समृद्धीची खूण नव्हे. गरिबाच्या मिठावरील कर कमी करा, हा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर 1903 साली 2 रुपयांवर, 1905 साली दीड रुपयावर आणि 1907 साली 1 रुपयावर आला.

1905 साली बनारस काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचे वय 39 होते. त्याच वर्षी 12 जून रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कौन्सिलात मांडले. पुढील वर्षी ते 13 विरुद्ध 38 मतांनी नामंजूर झाले. त्यांना पराभव आधीच दिसत होता. तरीही त्यांनी ते मांडले, कारण आजची पिढी अपयशाने सेवा करील तर उद्याची पिढी यशाने करील, अशी त्यांची श्रद्धा होती. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देशातील प्रत्येक बालकास कायद्याने 1 एप्रिल 2010 पासून मिळाला. गोखल्यांच्या विधेयकास तोवर 99 वर्षे झाली होती.

या काळातील त्यांची दगदग पाहिली तर छाती दडपते. 1905, 1906, 1908, 1912, 1913 आणि 1914 अशा विलायतच्या वाऱ्या झाल्या. हिवाळ्यात कलकत्ता, मध्येच मुंबई, पुणे, मद्रास. सुरतेस 1907 साली काँग्रेस फुटली, त्याचे दुःख. त्याच वर्षी पितृतुल्य बंधू गोविंदराव गेले आणि त्यांच्या कुटुंबाचा भारही गोपाळरावांवर आला. पत्नी पूर्वीच निवर्तल्या होत्या, घरी दोन मुली होत्या. एका बाजूने सरकार त्यांना जहाल समजे, तर दुसऱ्या बाजूने स्वकीय त्यांना सरकारधार्जिणा म्हणत. रात्रंदिन अशा ताणाखाली राहणाऱ्या माणसाचा रक्तदाब वाढतो, झोप मोडते आणि खाणेपिणे अवेळी होते. याच काळात मधुमेहाने त्यांना गाठले.

मधुमेह आणि हृदय यांचे नाते

मधुमेह म्हणजे केवळ गोड वर्ज्य करण्याचा रोग, अशी आपल्याकडे अजूनही समजूत आहे. वस्तुतः रक्तात सतत वाढलेली साखर ही रक्तवाहिन्यांचे अस्तर आतून खरवडत असते. त्या खरवडलेल्या जागी चरबीचे थर बसतात व वाहिनी अरुंद होते. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अशा अरुंद झाल्या म्हणजे हृदयाचा स्नायू उपाशी राहतो आणि हळूहळू दुबळा होतो. दुबळे हृदय फुप्फुसांतून आलेले रक्त पुढे पुरते ढकलू शकत नाही. मग रोगी रात्री आडवा झाला की फुप्फुसांत पाणी साचू लागते, तो गुदमरून जागा होतो व उठून बसल्यावाचून त्याला श्वास घेता येत नाही. यालाच वैद्यकात हृदयजन्य दमा म्हणतात. नामदार गोखल्यांना अखेरच्या वर्षांत हाच दमा होता. बाहेरून पाहणाऱ्यास तो साधा दमा वाटतो, पण त्याचे मूळ हृदयात असते. आपल्या घरातील वडीलधारे माणूस अलीकडे दोन उशा घेऊन निजू लागले असेल, रात्री उठून खिडकीपाशी बसत असेल किंवा संध्याकाळी त्याच्या पायांवर सूज दिसत असेल, तर त्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

दक्षिण आफ्रिकेचा प्रवास

प्रकृती अशी ढासळत असतानाच 1912 च्या ऑक्टोबरात गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले. 22 ऑक्टोबर रोजी ते केपटाउन येथे उतरले. तेथील हिंदी लोकांची स्थिती स्वतः पाहावी व तेथील मंत्र्यांशी बोलणे करावे, हा हेतू होता. गांधीजी सावलीसारखे त्यांच्याबरोबर होते. सभा, मानपत्रे, भेटी यांची रीघ लागली. टॉल्स्टॉय फार्मवर जाण्यासाठी स्टेशनपासून सुमारे दीड मैल पायी चालावे लागे. त्या दिवशी पाऊस आला, गारठा पडला आणि गोखल्यांना सर्दी बाधली. तेथे सर्वजण जमिनीवर निजत. पाहुण्यांसाठी खाटेची व्यवस्था करू लागले, तर गोखल्यांनी ती नाकारली आणि सर्वांबरोबर जमिनीवरच पथारी टाकली. गांधीजी पाय चेपू लागले तर तेही त्यांनी करू दिले नाही. गांधीजींना या गोष्टीचे पुढे फार दिवस वाईट वाटत राहिले.

पुढल्या वर्षी आफ्रिकेत सत्याग्रहाचा वणवा पेटला, तेव्हा डॉक्टरांचा मनाई हुकूम बाजूस सारून गोखल्यांनी देशभर निधी गोळा केला. 1914 साली सरकारने के. सी. आय. ई. हा किताब देऊ केला, तो त्यांनी नम्रपणे नाकारला. सरकारी नोकऱ्यांसंबंधीच्या इस्लिंग्टन कमिशनचे काम तर चालूच होते. त्या वर्षी उपचारासाठी ते फ्रान्समध्ये असताना ऑगस्टात पहिले महायुद्ध पेटले व ते तेथे अडकून पडले. लंडनमध्ये गांधीजी त्यांची वाट पाहत होते. पुढे दोघांची भेट झाली, तेव्हा गांधीजी छातीच्या विकाराने आजारी होते आणि स्वतः जर्जर झालेले गोखले त्यांच्या आहाराची चिंता वाहत होते. दुसऱ्याच्या देहाची काळजी गोखल्यांना होती. स्वतःच्या देहाच्या वाट्याला मात्र ती उरत नसे.

अखेरचे दिवस

9 जानेवारी 1915 रोजी गांधीजी मुंबईस उतरले आणि पुढे पुण्यास भारत सेवक समाजात आले. त्यांच्या स्वागतासाठी सायंकाळी खजूर, शेंगदाणे व फळे यांचा साधा अल्पोपाहार योजला होता. गोखल्यांची खोली तेथून हाकेच्या अंतरावर. तेवढे अंतर चालून यावे म्हणून ते निघाले आणि वाटेतच त्यांना मूर्च्छा आली. उचलून खोलीत नेल्यावर ते शुद्धीवर आले व कार्यक्रम थांबवू नका, असा निरोप त्यांनी पाठविला. ज्या पुरुषाने अर्धी पृथ्वी पालथी घातली, त्यास आपल्याच अंगणातली काही पावले ओलांडवेनात.

तरीही काम सुटले नाही. लोकमान्य टिळकांच्या पक्षास काँग्रेसमध्ये परत घेण्याच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि त्यावरून वृत्तपत्रांत कटू वाद माजला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी राज्यसुधारणांची एक योजना मागितली होती, ती त्यांनी अंथरुणावरून लिहून काढली. हेच पुढे त्यांचे राजकीय मृत्युपत्र म्हणून 1917 साली प्रसिद्ध झाले. शुक्रवार 19 फेब्रुवारी रोजी रात्री त्यांची प्राणज्योत मालवली. जन्मभर ज्यांच्याशी मतभेद झाले ते टिळक सिंहगडाहून उतरून आले आणि स्मशानभूमीवर त्यांनी या प्रतिस्पर्ध्याचा मुक्तकंठाने गौरव केला. गांधीजी त्या वेळी शांतिनिकेतनात होते. ते तातडीने पुण्याकडे निघाले.

गोखले आणखी वीस वर्षे जगते तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर कोणी देऊ नये. एवढे मात्र खरे, की गांधीजींनी ज्यांना गुरू मानले, ते त्यांच्या आगमनानंतर पुरते सहा आठवडेही राहिले नाहीत.

तेव्हाचे वैद्यक आणि आजचे

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. गोखल्यांनी प्रकृतीची हेळसांड केली असे म्हणून त्यांना दोष देणे हा अन्याय होईल. त्यांना उपाय हाताशी नव्हता. मधुमेहावरील इन्सुलिनचा शोध 1921 साली कॅनडातील टोरांटो येथे लागला आणि 1922 च्या जानेवारीत ते प्रथम एका मुलास टोचले गेले. गोखले जाऊन त्या वेळी सात वर्षे होत आली होती. हृदयाच्या रोहिणीत गुठळी होऊनही माणूस जगू शकतो व त्याची लक्षणे ओळखता येतात, हे अमेरिकेतील डॉक्टर हेरिक यांनी 1912 साली मांडले, म्हणजे ज्या वर्षी गोखले आफ्रिकेत पावसात चालत होते त्या वर्षी. हृदयाचा विद्युत आलेख काढण्याचे यंत्र तेव्हा नुकतेच जन्मले होते. रक्तदाबाच्या गोळ्या, कोलेस्टेरॉल उतरविणारी औषधे, फुप्फुसांतील पाणी लघवीवाटे काढणाऱ्या आजच्या प्रभावी गोळ्या, कोंदलेली रोहिणी नळी घालून मोकळी करण्याची क्रिया, यांपैकी काहीही नव्हते.

म्हणून गोखले आणि आपण यांत मोठे अंतर आहे. आयुष्याची शिल्लक थोडी आहे हे जाणून त्यांनी ती देशासाठी वेचली. आपणाजवळ शिल्लक टिकविण्याची साधने आहेत, तरी ती आपण नकळत उधळून टाकतो. त्यांच्या खर्चाला त्याग म्हणतात. आपल्या खर्चाला ते नाव देता येणार नाही.

आपल्यासाठी काही गोष्टी

आपल्या देशातील माणसास हृदयविकाराचा झटका पाश्चात्त्य माणसापेक्षा सरासरी पाच ते दहा वर्षे आधी येतो, असे वैद्यकाने दाखवून दिले आहे. तेव्हा पन्नाशीची वाट न पाहता तिशी ओलांडल्यापासूनच प्रत्येकाने रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. आई-वडिलांपैकी कोणास हा विकार असेल तर त्याहून लवकर. रक्तदाब वारंवार 140 वर 90 किंवा त्याहून अधिक भरला तर तो रोगच समजावा. काही त्रास होत नाही म्हणून तो नाही, असे नव्हे. पुरुषाची कंबर 90 आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली तर तेही धोक्याचे चिन्ह होय.

गोखल्यांनी गरिबाच्या मिठासाठी झगडा केला, कारण तेव्हा मीठ गरिबास परवडत नव्हते. आज ते इतके स्वस्त आहे की आपण ते गरजेपेक्षा कितीतरी अधिक खातो. दिवसाकाठी माणशी 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, एवढे मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. आपल्या किनाऱ्यावरील सुकी मासळी, लोणची व पापड हे पदार्थ मिठाचे आगरच आहेत. ते सणासुदीपुरते ठेवावेत. ताजी मासळी, वाडीतली भाजी, डाळी व कडधान्ये यांचा आहारात भरपूर समावेश करावा. आगाशीची सुकेळी आपणा सर्वांचा अभिमान आहे, परंतु मधुमेह्याने ती प्रसादाएवढीच घ्यावी. तंबाखू, मिश्री व विडी यांविषयी काय लिहावे? त्या सोडाव्यात, एवढेच.

पहाटे डबा घेऊन विरारची लोकल गाठावी आणि रात्री दहाला परतावे, हा आपल्या तरुणांचा दिनक्रम आहे. त्यांना व्यायामास वेळ नाही हे खरे. तरी आठवड्याकाठी एकूण 150 मिनिटे झपझप चालणे पुरेसे असते. सुटीच्या दिवशी राजोडीचा किंवा कळंबचा समुद्रकिनारा आपल्यासाठीच आहे. स्टेशनचा नेहमीचा पूल चढताना पूर्वी न लागणारा दम आता लागत असेल, छाती आवळल्यासारखी होत असेल आणि थांबल्यावर बरे वाटत असेल, तर त्यास थकवा म्हणू नये. ती हृदयाची हाक आहे. त्या आठवड्यातच डॉक्टरांकडे जावे.

छातीत एकाएकी दाब वा कळ आली, ती खांद्यात, डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम सुटला, तर रोग्यास चालवू नये, स्कूटरवर बसवू नये. त्यास बसते करावे, 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि हृदयविकारावर उपचार होणाऱ्या इस्पितळात न्यावे. पित्त झाले असेल म्हणून सोडा देत बसू नये. प्रत्येक मिनिटागणिक हृदयाचा काही भाग कायमचा मरत असतो. मधुमेही माणसास आणि पुष्कळदा स्त्रियांस अशी कळ येतही नाही, नुसता दम, घाम किंवा मळमळ एवढेच होते, हे विशेष ध्यानात ठेवावे.

ज्यांना हा विकार जडला आहे त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. औषधे नियमाने घेतल्यास माणूस नातवंडांचे शिक्षण आणि लग्नेही पाहू शकतो. बरे वाटते म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करणे, हा मात्र आत्मघात होय. घरच्या मंडळींनीही रोग्यास अपंग समजू नये. डॉक्टरांनी परवानगी दिलेले काम त्यास करू द्यावे आणि न मानवणारी चिंता त्याच्यापासून दूर ठेवावी. गोखल्यांची झोप टीकेने उडे, हे आपण पाहिले. मनाची शांती हेही एक पथ्यच आहे.

गणिताचा शिक्षक या नात्याने एक विनंती करावीशी वाटते. घरात किराण्याची, दुधाची, वर्गणीची वही असते. तशीच एक वही देहाची असावी. तीत घरातील प्रत्येक प्रौढ माणसाचे वजन, रक्तदाब व साखर यांची नोंद तारखेनिशी व्हावी. आपल्या मंडळानेही वार्षिक स्नेहसंमेलनाच्या दिवशी, भाषणे सुरू होण्यापूर्वी, अशी तपासणी ठेवावी आणि गुणवंतांच्या पालकांनी आधी तीत नाव नोंदवून मगच मुलांच्या कौतुकास यावे. सरकारच्या तिजोरीतील पैन्‌पैचा हिशेब मागणाऱ्या नामदार गोखल्यांना आपण वाहू शकू अशी याहून उचित श्रद्धांजली दुसरी नाही. आपल्या ज्ञातीतील प्रत्येक घरातील कर्ता पुरुष व कर्ती स्त्री दीर्घायुषी व निरामय होवो आणि या अंकाच्या अखेरच्या पानांवर पुन्हा पांढऱ्या केसांचीच मंडळी दिसोत, हीच परमेश्वराजवळ प्रार्थना.